दुपारी बाबांना कोण नेतं

माझे सासरे हरवून परत यायचे तेव्हा त्यांचा शर्ट इस्त्री केलेला असायचा.

आधी मला वाटलं, माझीच नजर चुकली असेल. पण सकाळी मीच त्यांना शर्ट घालून दिलेला असायचा. दोरीवरून काढलेला, चुरगळलेला, कॉलर एका बाजूला मुडपलेली, खिशावर चहाचा ताजा डाग. आणि दुपार कलल्यावर हेच गृहस्थ दाराच्या पायरीवर बसलेले दिसायचे. डाग गायब, बाह्यांवर सरळ रेघ, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, केस ओले करून विंचरलेले. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"कामावर," असं म्हणून ते माझ्या बाजूने आत निघून जायचे, जशी काही मी दारात उभी करून ठेवलेली छत्री.

दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं तर त्या लोकांनी हात जोडले असते. म्हातारा माणूस, डोक्याने साथ सोडलेली, सुनेचं नाव आठवड्यातून एकदा आठवतं, आणि तरी कुणीतरी भलं माणूस त्याला नीटनेटकं करून घरापर्यंत आणून सोडतंय. आणखी काय हवं? पण आमचं घर कुलूपवाल्यांचं. आजेसासऱ्यांपासून या घराण्यात कुलपं दुरुस्त होतात आणि किल्ल्या घडतात, आणि या धंद्यात राहून माणूस जगाकडे कसा बघायला लागतो ते मी जवळून पाहिलंय. दुकानात कुणी आलं आणि म्हणालं, किल्ली हरवली, घर उघडून द्या, की माझा नवरा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग बुटांकडे, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतो, "दाराचा रंग काय?" उत्तर उशिरा आलं तरी संशय, पटकन आलं तरी संशय.

हे त्याला बाबांनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. माझ्या माहेरी कुलूप निघायचं ते फक्त सगळे मिळून परगावी जाताना, आणि ते शोधण्यात हमखास गाडी चुकायची. इथे आल्या आल्या मला तीन किल्ल्यांचा जुडगा मिळाला आणि बाबांनी बजावलं, "हा कुणाच्याही हातात द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही." आता मीसुद्धा दूधवाल्याशी दाराला साखळी लावून, फटीतून बोलते. संगतीने माणूस बिघडतो म्हणा किंवा सुधारतो म्हणा.

तर त्या शर्टाने आमची झोप उडवली.

"फुकट कोण कुणाच्या शर्टाला इस्त्री करतं?" नवरा म्हणाला. त्याने शर्ट उजेडाकडे धरला, उलटा केला, शिवण तपासली. "खळ घातलीये. वास घे."

मी वास घेतला. खळीचा, गरम कापडाचा आणि साबणाचा वास होता. आमच्या घरात असा साबण नव्हता.

"म्हणजे यांचा शर्ट कुणीतरी अंगातून काढतं," मी म्हणाले.

"काढतं, धुतं, वाळवतं, इस्त्री करतं. एवढा वेळ बाबा काय करतात?"

त्याचं उत्तर बाबांच्या हातांवर होतं. नखांत काळं तेल होतं. पँटच्या खालच्या दुमडीत चिमूटभर पिवळा कीस सापडला. नवऱ्याने तो तळहातावर घेतला, बोटाने चोळला आणि त्याचा चेहरा पडला. पितळ होतं ते. कुलपाचं पितळ, कानशीने घासलेलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना दुकानात बसायची बंदी होती, आणि ती आम्हीच घातली होती. त्यांना माणसं आठवेनाशी झाली, तारीख आठवेनाशी झाली, एकदा तर त्यांनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या हसतमुखाने काढून दिल्या. ते गिऱ्हाईक प्रामाणिक निघालं म्हणून निभावलं. नवऱ्याने त्यांना घरी बसवलं. पण बोटं काही विसरली नव्हती. दाराची तीनही कुलपं ते आतून केसांच्या आकड्याने उघडायचे, तेही माझ्याशी गप्पा मारत, दाराकडे न बघता. म्हणजे ज्या माणसाला आपण जेवलो की नाही हे आठवत नव्हतं, त्याला गावातलं कुठलंही कुलूप उघडता येत होतं. माझ्या नवऱ्याच्या जिवाला घोर लागला होता तो नेमका याचाच.

"कुणीतरी त्यांच्याकडून काम करवून घेतंय," तो म्हणाला.

"कसलं काम?"

"दारं उघडायचं, आणखी कसलं! त्यांना सांगायचं, अहो, किल्ली हरवलीये, जरा बघता का. ते उघडून देणार. आणि पाच मिनिटांत विसरणार. याहून चांगला माणूस चोराला मिळेल का?"

"मग शर्ट?"

"चांगल्या इमारतीत शिरायचं तर माणूस चांगला दिसायला नको? डाग पडलेला शर्ट घालून गेला तर शिपाई अडवेल. नीट इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. कुणाला संशय येईल?"

मी हसणार होते, पण हसू ओठापर्यंत येऊन परत गेलं. कारण त्याचं म्हणणं जुळत होतं. आणि त्याच आठवड्यात बाजारातल्या औषधांच्या दुकानात चोरी झाली. शटर तोडलेलं नव्हतं, कुलूप फोडलेलं नव्हतं. नुसतं उघडलेलं होतं. पोलीस आमच्या दुकानात येऊन विचारून गेले, असं कुलूप कोण कोण उघडू शकतं म्हणून. नवऱ्याने चार नावं सांगितली. पाचवं सांगितलं नाही. घरी आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबांना पकडलं तर ते काय सांगतील माहितीये?" तो म्हणाला. "मान ताठ करून सांगतील, हो, मीच उघडलं. नावासकट सांगतील. त्यांना तुरुंगात टाकतील, आणि आपण तिथे का आहोत हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागेल."

त्या दिवसापासून आम्ही दोघं बाबांकडे चोराकडे बघावं तसे बघायला लागलो. मी त्यांच्या खिशात हात घालायचे. तिथे फक्त आमचा पत्ता लिहिलेला कागद असायचा, मीच ठेवलेला. शेजारणीला विचारावं म्हटलं, तर शेजारीण कशावरून चोरांना सामील नाही? एकदा मी पडद्याआड उभी राहून पहारा दिला, तर नेमकी दुधाची पातेली उतू गेली, आणि ती उतरवून येते तो बाबा पायरीवर हजर. कोपऱ्यावर कुणाचीतरी सावली हलली असं वाटलं. साखळी काढून, तीन कुलपं उघडून बाहेर पडेपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

शेवटी नवऱ्याने नवं कुलूप बनवलं.

तो कितीतरी रात्री दुकानात बसला. मला वाटलं, एखादं भलंमोठं धूड घेऊन येईल. आणलं ते मुठीत मावेल एवढं होतं. दाराला आतून बसवलं. किल्ली आधी उलटी फिरवायची, मग थोडी मागे ओढायची, मग सुलटी फिरवायची, तेव्हा ते उघडायचं. असं कुलूप बाबांनी त्याला शिकवलं नव्हतं, कारण असं कुलूप बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं. किल्ल्या फक्त दोन. एक त्याच्या गळ्यात, एक माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बूट घालून दाराशी गेले. जुनी तीन कुलपं त्यांनी बोलता बोलता उघडली. मग चौथ्यापाशी थांबले. आकडा घातला, काढला. डोळे मिटून पुन्हा घातला. कान लावला. नवरा मुद्दाम जेवायला घरी थांबला होता. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. बाबांना घाम फुटला. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसून प्रयत्न केला. मग आकडा खिशात ठेवून आमच्याकडे वळले.

"हे कुणी केलंय?"

"मी," नवरा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला.

बाबांनी कुलपावरून बोट फिरवलं. "फार छान केलंय," ते म्हणाले. "मला नाही जमत."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाने मुलाच्या कामाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नेहमी कानशीचा हात जड, स्प्रिंग सैल, पॉलिश कच्चं. आणि म्हटलं तेव्हा हे. नवरा ताट तसंच टाकून मोरीत जाऊन तोंड धूत राहिला, कितीतरी वेळ.

त्यानंतर बाबांनी दाराशी जायचं सोडलं. खिडकीशी बसायचे. बोटं मांडीवर हलत राहायची, हवेतच काहीतरी फिरवल्यासारखी. जेवण पुढ्यात ठेवलं तर ताटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, हे कशासाठी म्हणून. शर्ट चुरगळलेला राहिला. मला त्या चुरगळलेल्या शर्टाचा राग यायला लागला. ते सुरक्षित होते, आमचं नाव सुरक्षित होतं, पोलीस पुन्हा आले नव्हते, आणि हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणायचा, "होईल सवय." पण हे म्हणताना तो माझ्याकडे बघायचा नाही.

एका दुपारी मीच गळ्यातली किल्ली काढली. उलटी, मागे, सुलटी. दार उघडलं आणि बाजूला झाले. म्हटलं, कोण त्यांना नेतं ते तरी एकदा डोळ्यांनी बघू. चोर असेल तर मी त्याची गचांडी धरेन. पर्समध्ये मी स्वयंपाकघरातलं लाटणं टाकलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

न्यायला कुणीच आलं नाही. बाबा आपणहून निघाले. खिडकीशी पाय ओढत चालणारा माणूस भराभर चालायला लागला. गल्ली संपवून उजवीकडे, छापखान्यावरून, पुलाखालून. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं. मी मागे धापा टाकत. बसथांब्याच्या पलीकडे पत्र्याची लांबलचक शेड होती. तिच्या दारातून पांढरी वाफ बाहेर येत होती. बाबा पायपुसण्यावर बूट पुसून आत शिरले.

ती लाँड्री होती. घरगुती कपड्यांची नव्हे, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी-टॉवेलांची. आत गाठोड्यांचे डोंगर, चादरी गिळणारे तापलेले रोलर, आणि वाफेत दिसतील न दिसतील अशा बायका. दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत होत्या, जवळ येत होत्या, लांब जात होत्या. मी गाठोड्यांच्या आड उभी राहिले.

"आले!" कुणीतरी ओरडलं. "अगं, दुकानदार आले!"

रोलरपासून जरा लांब एक टेबल होतं. त्यावर कानस, तेलाची बाटली आणि चिमटा, आणि शेजारी ओढलेली एक मोडकी खुर्ची. बाबा जाऊन खुर्चीवर बसले. कुणीतरी त्यांचा शर्ट काढून खुंटीला लावला. बनियनवर बसलेले बाबा टेबलावर हात ठेवून भारदस्त आवाजात म्हणाले, "एकेक करून या. गर्दी नको."

आणि खरंच रांग लागली. एकेक बाई पुढे यायची, पदराआडून, पिशवीतून, खिशातून कुलूप काढायची आणि त्यांच्या हातात द्यायची. बाबा विचारायचे, "काय बिघडलंय?" ती सांगायची, "अडकतंय हो, किल्ली फिरतच नाही." बाबा तिच्याकडे रोखून बघत विचारायचे, "दाराचा रंग काय?" ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "निळा." मग ते कुलूप खोलायला घ्यायचे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, पहिला विचार आला तो असा की, एवढी कुलपं कुणाची? चोरीच्या मालाचा अड्डा असाच असणार. मी आडोशाहून बाहेर आले आणि पहिल्याच बाईचा दंड धरला.

"हे कुलूप कुठून आणलंस?"

"घरून." ती दचकली. "सोडा की. तुम्ही कोण?"

"घरून म्हणजे?"

"म्हणजे माझ्या घराच्या दाराचं."

"मग आता घराला काय लावलंयस?"

"काही नाही. दार ओढून घेतलंय."

माझा विश्वास बसेना. आमच्या घरात ज्या गोष्टीला वेडेपणा म्हणतात ती हीच. दार उघडं टाकायचं आणि कुलूप नेऊन अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, तेही किल्लीसकट. तेवढ्यात एक धिप्पाड बाई घाम पुसत आली. सगळ्या तिला मुकादम म्हणत होत्या. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही यांच्या घरच्या ना?" ती म्हणाली. "मी आले होते तुमच्याकडे. पहिल्या दिवशी, रविवार होता. हे वाट चुकून इथे शिरले आणि विचारायला लागले, काय बिघडलंय म्हणून. मी आपलं माझ्या कपाटाचं कुलूप दिलं हातात, तर शांत झाले. खिशात पत्ता होता. घरी आणून बेल वाजवली, तर आतून पुरुषाचा आवाज आला, काही नको, पुढे जा. मी म्हटलं, अहो, तुमच्या वडिलांना आणलंय. तर म्हणतो कसा, असं सांगून दार उघडायला लावणारे पुष्कळ बघितलेत."

"मग?"

"मग काय! घर बरोबर आहे एवढं कळलं. पायरीवर बसवायचं, कोपऱ्यावर थांबायचं, दार उघडलं की निघायचं."

"आणि कुलपं?"

ती वैतागून हसली. "दुसऱ्या दिवशी तेच कुलूप दिलं तर म्हणाले, हे मी काल केलंय, मला खुळा समजता का? माणसं विसरतात, पण कुलूप नाही विसरत बघा. इथली सगळी कपाटं संपली. मग प्रत्येकीने घरची आणायला सुरुवात केली. मधे हे आले नाहीत तरी रोज सोबत आणतच होतो. चांगली असली की आधी बिघडवायची. मेण ओता, साबणाचा चुरा कोंबा. ही तर काल वरवंट्याने ठोकत होती."

"पण का?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते भांडल्यासारखं निघालं. "तुम्हाला काय मिळतं यातून?"

मुकादमबाईला प्रश्न कळला नाही. तिने खरोखर विचार केला आणि खांदे उडवले. "शर्ट वाफेत भिजतो, म्हणून धुऊन-वाळवून इस्त्री करतो," ती म्हणाली. जणू मी शर्टाचाच हिशोब मागितला होता.

"मलाही तेच विचारायचंय," माझ्या मागून आवाज आला. वळून बघते तर नवरा.

"तू इथे काय करतोस?"

"तुझ्या मागे आलो."

"माझ्या मागे?"

"हल्ली तू दुपारी दुकानात फोन करत नाहीस. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय."

धन्य ते घराणं! मुकादमबाईने त्याचा आवाज ओळखला. "हाच तो," ती घड्या घालणाऱ्या बायकांना म्हणाली, "काही नको, पुढे जा." बायका खो खो हसल्या. नवऱ्याचे कान लाल झाले.

हसण्याने बाबांनी मान वर केली. त्यांनी आधी मला पाहिलं, मग मुलाला. हातातलं उघडं कुलूप त्यांनी घाईने टॉवेलाखाली सारलं. उठले. खांदे खाली आले, आवाज बारीक झाला.

"मी कुठे गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मी येतच होतो घरी. खरंच."

एका क्षणापूर्वी तिथे एक दुकानदार बसला होता. आम्हाला बघताच तो आजारी म्हातारा झाला. आम्ही काही बोललोसुद्धा नव्हतो. नवऱ्याने पुढे होऊन त्यांचा शर्ट खुंटीवरून काढला, पण तो त्यांच्या अंगात घालताना त्याला बाही सापडेना.

औषधांच्या दुकानातली चोरी मालकाच्याच भाच्याने केली होती, किल्लीने. हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं. पोलिसांनी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्याने नुसती मान हलवली. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

"त्यांचे आभार कसे मानायचे?" तो मला म्हणाला. हा शब्द आमच्या घरात फारसा वापरात नव्हता. त्याला तो उच्चारतानाही जड गेलं.

सकाळी, बाबा घरी असताना, आम्ही लाँड्रीत गेलो. त्याने प्रत्येकीसाठी दुकानातलं उत्तम नवं कुलूप आणलं होतं, तीन-तीन किल्ल्यांचं, डब्यांत घालून. डबे टेबलावर मांडून तो घसा खाकरत उभा राहिला. भाषण त्याने वाटेत पाठ केलं होतं. त्यातलं "तुम्ही जे काही" एवढंच बाहेर आलं.

एकाही बाईने डब्याला हात लावला नाही.

"फुकट?" एकीने विचारलं.

"फुकट."

"का?"

"सहजच. तुमच्यासाठी."

"चौथी किल्ली तुम्ही ठेवून घेतली नसेल कशावरून?" दुसरी म्हणाली. "उद्या आमच्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या तुमच्याकडे."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्याचा चेहरा खुलला. "बरोबर विचारलंत," तो म्हणाला. "मी असतो तर हेच विचारलं असतं." आणि मग एकदम त्याचा आवाज फाटला. "माझ्याकडे दुसरं काही नाहीये हो द्यायला. मला एवढंच येतं. तुम्ही माझ्या वडिलांना... मी त्यांना कोंडलं होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही खूप बोलायचं होतं, पण रडू येत होतं आणि त्या अनोळखी बायकांसमोर रडायचं नव्हतं. तरी रडलेच.

मुकादमबाईने डबे एकावर एक रचून त्याच्याकडे सरकवले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आभार मानायचेत ना? मग एक करा. दुपारी इकडे यायचं नाही. दोघांनीही."

"म्हणजे?"

"परवा बघितलंत ना, तुम्हाला पाहून त्यांचं काय झालं? तुम्ही आलात की त्यांना आठवतं की आपण बरे नाही. इथे ते विसरलेले असतात. यायचं नाही, लपून बघायचं नाही, मागे यायचं नाही."

"पण मग ते नीट आहेत हे आम्हाला कसं कळणार?" नवऱ्याने विचारलं.

"नाही कळणार," मुकादमबाई म्हणाली आणि चादरीचं टोक उचलून कामाला लागली.

घरी येताना तो एकेक अट बोटांवर मोजत होता. बघायचं नाही, तपासायचं नाही, मागे जायचं नाही. दुसरं काहीही मागितलं असतं तर त्याने आनंदाने दिलं असतं. आल्या आल्या त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि नवं कुलूप दारावरून उतरवलं. लाकडात चार भोकं राहिली.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी दुकान बंद करून घरी आला. "का?" मी विचारलं, तर म्हणाला, "तू मागे जाशील म्हणून." मी म्हटलं, "मी? आणि तू?" त्यावर त्याने बूट काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "कुठेतरी लपवून ठेव. कुठे ते सांगू नकोस." मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवले.

बाबा बूट घालून बाहेर आले. खिशावर चहाचा डाग होता. तीनही कुलपं त्यांनी उघडली, त्याबरोबर मला काहीतरी सांगतही होते, कुण्या गिऱ्हाइकाबद्दल. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि थांबले. वळून त्यांनी अनवाणी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"दार नीट लावून घे," ते म्हणाले. "लोकांचा काही भरवसा नसतो."

"हो बाबा," नवरा म्हणाला.

ते गल्लीतून भराभर चालत गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यापुढे बघितलं नाही.